गुलमोहराच्या बुंध्याशी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, आणि त्याच्या पाठोपाठ आपली सोसायटी. फाटकाजवळचे दोन गुलमोहर आपणच लावले. त्यातला एक आता नाही. आज थोडं त्याच्याविषयी बोलतो.

तो पडला त्याच्या आदल्या पावसाळ्यात मुलांनी त्याच्या बुंध्याशी उगवलेलं, पॉलिश केल्यासारखं तांबूस कवच आणून दिलं. "सर, हे काय?" मी म्हटलं, गॅनोडर्मा, बुरशीच आहे. आणि कपाटात ठेवून दिलं. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस मी, पण कमिटीला सांगायचं सुचलं नाही. पुढच्या वळवाच्या वादळात झाड रात्री स्कूटरींच्या शेडवर आडवं झालं. दिवसा पडलं असतं तर?

लाकूड कुजवणाऱ्या बुरशींचे ढोबळ तीन प्रकार. लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना घट्ट धरणारं लिग्निन. तपकिरी कूज धागे खाते, लिग्निन ठेवते. लाकडाला चौकोनी भेगा पडतात, चिमटीत भुगा होतो. पांढरी कूज लिग्निनही खाते; लाकूड फिकट, स्पंजासारखं होतं. गॅनोडर्मा यातला. तिसरी मऊ कूज, सतत ओल्या लाकडाचा पृष्ठभाग मऊ करणारी. तिघींना ओल लागते. म्हणून बाथरूमची चौकट आधी जाते.

बरं, या बुरशी वाईट नाहीत हो. त्या नसत्या तर रानात पडलेल्या लाकडाची माती झालीच नसती. कोकणात फणसावरची फणसांबा औषध म्हणून उगाळतात.

पण एक लक्षात ठेवा: कवच दिसतं ते फक्त फळ, खरी बुरशी आत, मुळांत असते. कवच तोडून झाड वाचत नाही. वर पालवी हिरवीगार, खाली मुळं पोकळ, असं होतं. मुळं तोडली, बुंध्याला जखम झाली, की तिला वाट मिळते. आपणही पेव्हर ब्लॉक बसवताना मुळं छाटली होती.

परवा दुसऱ्या गुलमोहराच्या बुंध्याशी तसंच कवच दिसलं. खाली मुलांचा झोपाळा आहे. या वेळी मी गप्प बसणार नाही. झोपाळा आजच हलवू, जाणकाराकडून झाड तपासू आणि तोडावंच लागलं तर नगरपरिषदेची रीतसर परवानगी घेऊ. नवं झाड दुसऱ्या जागी लावू, आणि त्याच्या बुंध्याभोवती माती मोकळी ठेवू.

अर्ज टेबलावर आहे. पहिली सही माझी.