देशांतर आणि घरची रीत

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडण्याचा प्रसंग. इमारत, ठेवी आणि उपक्रम यांचा हिशेब वार्षिक अहवालात येतोच. परंतु समाजाची खरी शिल्लक घराघरांतील नित्याच्या रीतीत असते. पाणी गाळून घेणे, सूर्यास्तापूर्वी चूल आवरणे, भाजी निवडताना प्रत्येक पान उलटून पाहणे, ही ती शिल्लक. आज कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर येथील कितीतरी घरांतील मुले-मुली परदेशी स्थिरावली आहेत. त्यांच्या सामानात ही शिल्लक जाते की नाही, आणि गेली तर तिचे रूप कोणते होते, याचा विचार आज करावयाचा आहे.

देशांतर जैन समाजाला नवे नाही. कोकणच्या या घाटपायथ्याशी आज जी जैन घरे नांदत आहेत, त्यांतील बहुतेकांचे पूर्वज मारवाड, गोडवाड किंवा कच्छ येथून आले. 1863 साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि व्यापाराच्या वाटा रुंदावल्या. कोरड्या हवेतून आलेली ही माणसे मुसळधार पावसाच्या मुलखात राहिली. बाजरीच्या जागी भात आला. घरात मारवाडी वा कच्छी आणि दुकानात मराठी, असे होता होता नातवंडे मराठी शाळेत जाऊ लागली. पापड-वड्यांची वाळवणे पावसाच्या आत उरकण्याची घाई आली. एवढे सारे बदलले, तरी पाण्याच्या हंड्यावरील गरणे बदलले नाही.

यापुढचे देशांतर समुद्रापलीकडचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हालार प्रांतातील ओसवाळ कुटुंबे पूर्व आफ्रिकेत गेली. मोंबासा येथे 1963 साली शिखरबंद देरासर उभे राहिले. तेथील बाजारात मोगो, म्हणजे कसावा, हा स्वस्त आणि रोजचा. पण तो कंद. युगांडात मात्र हिरव्या केळ्यांचा ‘मातोके’ हे लोकांचे मुख्य अन्न. कच्ची केळी कंदमुळात मोडत नसल्यामुळे ती जैन स्वयंपाकघराला जवळची. 1972 साली इदी अमीन यांनी आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडण्याचा हुकूम दिला. त्यातील अनेक कुटुंबे ब्रिटनमध्ये, विशेषतः लेस्टर शहरात आली. तेथे चर्चची एक जुनी इमारत 1979 साली घेण्यात आली आणि 1988 साली तेथे जिनमंदिराची प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांच्या मूर्ती तेथे एकाच छताखाली आहेत.

आता घराच्या आत जाऊन पाहू. प्रथम चौविहार घ्यावा. कर्जतमध्ये वर्षभरात सूर्यास्त साधारण सहा ते सव्वासात या वेळेत होतो. सव्वा तासाच्या या फरकात घराची घडी सहज बसते. लंडनमध्ये 21 डिसेंबरला सूर्य दुपारी तीन वाजून त्रेपन्न मिनिटांनी मावळतो, तर जूनमध्ये रात्री सव्वानऊच्याही पुढे. फरक जवळजवळ साडेपाच तासांचा. हिवाळ्यात मूल शाळेतून दप्तर घेऊन घरी पोहोचते तेव्हा सूर्य बुडण्याच्या बेतात असतो आणि आई-वडील अजून कार्यालयात असतात. त्याच क्षणी कर्जतमध्ये रात्रीचे सव्वानऊ वाजून गेलेले असतात आणि आजी दूरध्वनीवर विचारते, “जेवलास का रे, उजेडात?” या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे, तर आजीचे मन दुखावते, खोटे द्यावे, तर आणखी एक व्रत मोडते. मग हळूहळू असे होते की, मुले काही सांगतच नाहीत. रीत सुटण्यापेक्षा हे मौन अधिक दुःखदायक आहे.

या अडचणीतून निरनिराळ्या घरांनी निरनिराळ्या वाटा काढल्या आहेत. काही घरे शनिवार-रविवार चौविहार पाळतात. काही पर्युषणाचे दिवस निश्चित धरतात. त्या काळात लंडनचा सूर्यास्त सातच्या पुढे असल्याने ते सुकरही होते. काहींनी ठरावीक वेळेनंतर अन्न वर्ज्य करून नियमाचा गाभा धरला आहे. शास्त्रदृष्ट्या यांतील काय मान्य आणि काय अमान्य, याचा निर्णय साधुसाध्वीजींनी द्यावा. गृहस्थाने एवढेच लक्षात घ्यावे की, यांपैकी कोणीही नियमाला विसरलेला नाही.

चातुर्मासाचेही असेच. कर्जत-खालापूरच्या पावसात भिंतीला ओल येते, धान्याला जाळी लागते, पालेभाजीत डोळ्याला न दिसणारे जीव वाढतात. म्हणून हे चार महिने हिरवी भाजी टाळण्याचा अर्थ येथे बालकालाही समजावा. लंडनमध्ये हेच दिवस उन्हाळ्याचे आणि भाजी धुऊन, थंड पिशवीत बंद होऊन येणारी. ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्न शहरात तर आषाढ भर हिवाळ्यात येतो. तेथील मुलाने “का?” असे विचारले आणि “आपल्यात खात नाहीत” एवढेच उत्तर मिळाले, तर तो नियम त्या पिढीबरोबर संपला असे समजावे. उलट, जीवांची जयणा आणि जिभेचा संयम अशी दोन्ही कारणे त्याला सांगितली, तर ऋतू बदलला तरी दुसरे कारण त्याच्यापाशी उरते.

पाण्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. जाड सुती कापडाचे दुहेरी गरणे, गाळून झाल्यावर ते हळुवार उलटे धरून जीवाणी मूळ पाण्यात परत सोडणे, ही विहिरीच्या काळातील रीत. परदेशातील नळाला विहीर नाही. जीवाणी परत कोठे सोडावी? तरीही कित्येक घरांत नळाच्या तोंडाला कापडाची लहान पिशवी बांधलेली दिसते. येथील घरांत तरी काय झाले आहे? भिंतीवर शुद्धीकरणाचे यंत्र आले आणि गरणे कपाटात गेले. पाणी स्वच्छ झाले. परंतु पाण्यातील जीवाचे स्मरण रोज करून देणारा तो हात थांबला.

सर्वांत कठीण ठरते ती शिळ्या अन्नाची मर्यादा. परदेशात घरकामाला मदतनीस परवडत नाही. पती-पत्नी दोघेही नोकरीवर जातात. म्हणून रविवारी आठवड्याचा स्वयंपाक करून तो गोठवून ठेवण्याची पद्धत सर्वत्र पडली आहे. वासी अन्न न खाण्याची रीत येथेच सर्वांत आधी मोडते. ज्या थोड्या घरांनी ती टिकवली, त्यांनी पक्वान्नांची संख्या कमी केली. ताजी खिचडी, एक भाजी आणि पुरे. त्या घरांत पुरुषही कणीक मळतात आणि भांडी घासतात. रीत टिकवण्यासाठी सोय नव्हे, तर कामाची वाटणी बदलावी लागली, ही यातील शिकण्यासारखी बाब.

बाजारहाटही बदलतो. भारतात या शतकाच्या सुरुवातीपासून पाकिटावर हिरवा ठिपका आहे. परदेशात सर्वत्र अशी सक्ती नाही. चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असू शकते, गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन असते, लाल रंग ‘ई-120’ हा किड्यांपासून होतो. शाकाहारी शिक्का असला तरी कांदा, लसूण, बटाटा यांविषयी तो काहीच सांगत नाही. त्यामुळे येथे जी गृहिणी ओळखीच्या दुकानदारावर विसंबून सामान घेत होती, तीच तेथे चष्मा लावून बारीक अक्षरे वाचू लागते. वस्त्रांचेही तसेच. थंडीच्या जाकिटात पिसे आहेत काय, बूट चामड्याचे आहेत काय, हे प्रश्न तेथील तरुण विचारतात. येथील लग्नसराईत रेशमी साडी घेताना तो प्रश्न क्वचितच विचारला जातो.

याहून पुढची एक गोष्ट वडीलधाऱ्यांना चकित करते. परदेशात वाढलेले काही जैन तरुण दूध, तूप, दही सोडतात. मोठ्या दुग्धशाळांत गाई-वासरांचे काय होते, हे वाचून त्यांनी तो निर्णय घेतलेला असतो. कदाचित तोच तरुण बटाटा खात असतो. आजीला वाटते, नातू धर्म विसरला. नातवाला वाटते, आजी अहिंसा अर्धीच पाळते. वास्तविक दोघेही एकाच झाडाच्या दोन फांद्यांवर बसलेले असतात. आजीकडे पिढ्यांची शिस्त आहे, नातवाकडे कारणाची जाण आहे. एकाच घरात या दोन्ही गोष्टी आल्या, तर ते घर भाग्यवान म्हणावे.

रीत टिकते ती एकट्याच्या निश्चयावर नव्हे. गावात सासूबाई असतात, शेजारीण असते, उपाश्रयात व्याख्यान असते, पर्युषणात सारी गल्ली एकाच वेळी आवरते. सारा परिसरच रीत सांभाळतो. परदेशात तो भार दोन माणसांवर पडतो. म्हणूनच तेथे रविवारची पाठशाळा आणि सोयीच्या रविवारी साजरी होणारी महावीर जयंती यांना इतके महत्त्व आले. उत्तर अमेरिकेत 1981 साली ‘जैना’ ही संघांची महासंस्था स्थापन झाली, तीही याच गरजेतून.

परंतु केवळ परदेशी गेलेल्यांकडे बोट दाखवून चालणार नाही. कर्जत स्थानकावरून पहाटेची लोकल धरणारा, दोन तासांनी मुंबईत उतरणारा आणि रात्री नऊला घरी परतणारा नोकरदार कोणत्या देशात राहतो? त्याचा चौविहार पारपत्राविनाच सुटलेला आहे. देशांतर विमानतळावर सुरू होते असे नाही. दिवसाचे वेळापत्रक दुसऱ्याच्या हाती गेले की ते सुरू होते.

तेव्हा या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. पाठशाळेत प्रत्येक नियमाबरोबर त्याचे कारण शिकवावे. परदेशी असलेल्या मुलांना “पाळतोस का?” असे विचारण्याऐवजी “तिथे कसे जमवतोस?” असे विचारावे, म्हणजे ती बोलती राहतील. आणि मुलगा वा मुलगी परदेशी निघेल, तेव्हा लोणची-पापडांच्या शेजारी एक स्वच्छ गरणेही बांधून द्यावे. ते रोज वापरले जाईलच असे नाही. पण कपाट उघडताना ते हाती लागेल, आणि ते कशासाठी आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो कोणत्याही देशात आपली वाट शोधून काढील.

जय जिनेन्द्र.