भाताच्या बांधातली बिळं

भात पोटरीत आलं की आपण पाखरं हाकायला धावतो. खरी चोरी मात्र रात्री, बांधाखालून होते.

शेतातला उंदीर दिवसा बिळात राहतो, अंधारात बाहेर पडतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून तो सतत कुरतडतो. मादी तीन-साडेतीन आठवड्यांत विते आणि एका वेताला पाच-सात पिल्लं होतात. त्यातला काळा उंदीर तर लोंब्या तोडून बिळात साठवतो. ती आपल्या घरची बेगमी असते.

वापरातलं बीळ ओळखायचं कसं? संध्याकाळी बांधावरची सगळी तोंडं मातीनं बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील, त्यांत उंदीर आहे. पण एकटीनं बंदोबस्त केला, तर शेजारच्या बांधावरून उंदीर पुन्हा येतो. म्हणून पोटरीची वाट न बघता, शिवारातल्या सगळ्याजणींनी मिळून एकाच वेळी हे काम करूया. बांधावरचं गवतही कापूया, म्हणजे लपायला आडोसा राहत नाही.

विष मात्र उघड्यावर टाकायचं नाही. पोरंबाळं, कोंबड्या यांना धोका असतोच, शिवाय विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजर आणि घुबडही मरू शकतं. घुबड आणि धामण तर आपले बिनपगारी राखणदार आहेत. त्यांना मारू नका.

आणखी एक. उंदराचं मूत पाण्यात मिसळलं की लेप्टो होऊ शकतो. पायाला जखम असेल, तर चिखलात उतरू नका. उतरावंच लागलं आणि नंतर ताप आला, तर अंगावर काढू नका. दवाखान्यात जा आणि शेतात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

येत्या बैठकीत बांधफेरीचा दिवस ठरवूया.