गोळीसोबत घास

श्रोतेहो, लसूण, लिंबू आणि बीट आपल्या स्वयंपाकघरातलेच. पण २००६ साली टोरंटोच्या जागतिक एड्स परिषदेत दक्षिण आफ्रिकेच्या दालनात तेच मांडले होते! तिथल्या आरोग्यमंत्री मांटो शबालाला-मसिमांग त्यांचीच भलामण करीत. सरकारने औषधे देण्यास विलंब केला. २००० ते २००५ या काळात त्यापायी ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८मध्ये मांडला.

आपल्याकडे २००४पासून एचआयव्हीची औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. डाळ, भाकरी, अंडी, भाजी जरूर खावी; अंगात बळ येते. विषाणूला रोखते ती मात्र गोळीच. मी कवी, शब्द तोलून वापरणारा. म्हणून सांगतो, अन्न गोळीसोबत असावे, गोळीऐवजी नव्हे.