मुलांचं जातं कुठं आहे?



आमचं गंगाखेड गोदाकाठचं, संत जनाबाईंचं गाव. जनाबाई लहानपणीच इथून पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली आणि तिथं तिला प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागायचा, असं आपण ऐकत आलो आहोत. जात्यावर बसलं की ओवी सुचते, म्हणतात. बायकांनी पिढ्यान् पिढ्या माहेरची आठवण आणि सासरचा जाच जात्यापाशी बोलून दाखवला. पण वयात येणाऱ्या मुलानं मनातलं कुठं बोलायचं? त्याचं जातं कुठं आहे?

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. एक गोष्ट मात्र अजून टोचते. नव्वदच्या दशकात नववीतल्या एका मुलानं तपासायला दिलेल्या वहीत घडी घातलेला कागद ठेवला होता. लिहिलं होतं, ‘सर, सगळी मुलं मुलींबद्दल बोलतात. मला तसं काही वाटत नाही. मला माझ्या मित्राबद्दल वाटतं. माझ्यात काही बिघाड आहे का?’

मी कागद खिशात घातला. वही परत देताना म्हणालो, ‘अभ्यासात लक्ष दे. सगळं ठीक होईल.’ त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर बसू लागला. पुन्हा त्यानं मला काहीही विचारलं नाही, गणितातलंसुद्धा. मी रागावलो नव्हतो, हसलोही नव्हतो. मला उत्तर येत नव्हतं आणि तसं कबूल करायची लाज वाटली, एवढंच.

आपण बोललो नाही, तर मुलं इतरांकडून शिकतात. आवाज फुटतो, मिसरूड येते, झोपेत वीर्य जातं. हे सारं निसर्गाचं. पण त्याला आपण शब्द दिला ‘स्वप्नदोष’! दोष कसला? मग भिंतीवरची ‘गुप्तरोग, हमखास इलाज’ ही जाहिरात वाचून पोरगं घाबरतं. आता तर मोबाइलवर नको ते दिसतं. ज्याला मुलांचंच आकर्षण वाटतं, त्याची कोंडी दुहेरी. चालण्याबोलण्यावरून मित्र चिडवतात आणि घरी सांगावं, तर मार बसेल याची धास्ती.

याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. वाचक खासगी प्रश्न पाठवत आणि कर्वे त्यांना शास्त्राला धरून सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला. तरी कर्व्यांनी १९५३ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत मासिक चालवलं. मी मात्र, दंडाची भीती नसताना, एका कागदाला उत्तर देऊ शकलो नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही उपलब्ध होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती. कायदा मात्र मागे राहिला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की दोन प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला. त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी अशाच एका मुलाची घालमेल मराठीत सांगते. आपल्या भाषेत हे बोलता येत नाही, असं म्हणायला आता जागा नाही.

पालक विचारतात, ‘मुलानं असं काही सांगितलं, तर करायचं काय?’ आधी ऐकून घ्या. ओरडू नका. लग्न लावून दिलं की सुधारेल, असं तर मुळीच म्हणू नका. त्यात एका परक्या मुलीचंही आयुष्य भरडलं जातं. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या भोंदूंपासून दूर राहा. असे उपचार करणं हे डॉक्टरांसाठीही २०२२ पासून गैरवर्तन ठरलं आहे. आणि मुलाची घाईही करू नका. या वयात काहींना आपली ओळख लगेच पटते, काहींना वेळ लागतो. मूल फारच खचलेलं दिसलं, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर समुपदेशक मोफत बोलतात. मुलांसाठी १०९८ आहेच.

तो कागद आज पुन्हा हाती आला, तर मी तो खिशात घालणार नाही. त्या मुलाला शेजारी बसवीन आणि म्हणेन, ‘बाळा, तुझ्यात बिघाड नाही. मला सगळं ठाऊक नाही, पण आपण मिळून माहिती काढू.’

जनीला दळू लागायला विठ्ठल आला. आपल्या घरातल्या मुलाजवळ निदान आपण तरी बसू या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)