बक्षीसपत्रातली एक ओळ



दरवर्षी १५ जूनला वृद्धांवरच्या अत्याचारांविरुद्ध जागृतीचा दिवस जगभर पाळतात. २००६ साली तो सुरू झाला आणि २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठी ओलांडलेल्या दर सहा माणसांमागं एकाला वर्षभरात कसला ना कसला जाच सोसावा लागतो. हे तुमच्या कानावर आलेलं आहे आणि मला मिनिटं मोजून दिली आहेत. म्हणून मारहाण, उपासमार आज बाजूला ठेवतो. बक्षीसपत्रातल्या एका ओळीबद्दल तेवढं बोलतो.

वृद्धांवरच्या अत्याचारांबद्दलच्या २००२ सालच्या टोरांटो जाहीरनाम्यानं एक नेमकी गोष्ट सांगितली. हा जाच बहुतेक परका करत नाही. जिथं विश्वास टाकलेला असतो, तिथंच तो होतो. जाचाच्या प्रकारांत त्यानं पैशाअडक्याचा जाचही धरला आहे. आपल्या बेळगाव-निपाणी भागात तो कसा होतो? ‘अण्णा, कर्ज काढायचंय, घर माझ्या नावावर लागतंय,’ असं लेक म्हणतो. अण्णा रजिस्ट्रार ऑफिसात जातात. बक्षीसपत्राचा कागद कानडी, अण्णांची शाळा मराठी. कुठं सही करायची ते बोटानं दाखवतात, अण्णा करतात. वर्षभरात अण्णांची खाट सोप्यातून गोठ्याशेजारी जाते.

अहो निपाणीकर, व्यवहार मी तुम्हाला शिकवायचा? १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी हमरस्त्यावर बसलेली माणसं तुम्ही! वखारीत माल उतरवला की चिठ्ठी घेतल्याशिवाय तुम्ही पायरी उतरत नाही. वजन किती, दर काय, पैसे कधी. व्यापारी सख्खा साडू असला तरी चिठ्ठी लागतेच, आणि साडूही त्याबद्दल रुसत नाही. चिठ्ठी असूनही बुडवणारे असतात, कबूल. पण चिठ्ठी हातात असली की निदान भांडायला तोंड राहतं. तंबाखू दरसाल पिकते, घर मात्र जन्मात एकदा होतं. आणि तेच तुम्ही पोराच्या वखारीत बिनचिठ्ठीचं उतरवून मोकळे होता!

ही चिठ्ठी कायद्यात आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा, कलम २३. देणगी दिलेल्यानं तुमच्या मूलभूत गरजा भागवायच्या, या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि त्यानं ती अट मोडली, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. पण अट असली तर! डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरयाणातल्या एका आईचा दावा टिकला नाही. लेकींना दिलेल्या हक्कसोडपत्रात सांभाळण्याची अटच नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या दुसऱ्या एका आईला घर परत मिळालं, कारण मुलानं सांभाळायचं लिहून दिलं होतं. दोघीही आयाच. फरक कागदाचा.

म्हणून परत सांगतो. आत्ताच कुणी चहा टाकायला उठलं असेल, त्यांच्यासाठीही सांगतो. बक्षीसपत्र करा, नका करू, ती तुमची मर्जी. केलंत तर त्यात लिहून घ्या की हा मला जन्मभर सांभाळील, जेवण, औषधपाणी, राहायला जागा देईल, आणि याच अटीवर मी देतोय. कागद कानडी असला तर आपल्या भरवशाच्या माणसाकडून मराठीत समजून घ्या आणि मगच पेन हातात धरा. ‘पोरगा काय म्हणेल?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. सांभाळायचं मनात असलेल्या पोराला त्या ओळीचं ओझं कसलं? उलट पोरांनो, सुनांनो, तुम्हीच म्हणा की आई, आधी ती ओळ घाल. घाई नसेल तर मृत्युपत्र बरं. ते तुमच्यामागं लागू होतं आणि जिवंतपणी केव्हाही बदलता येतं.

ज्यांची सही होऊन गेली, त्यांनी हातपाय गाळू नयेत. याच कायद्यातला निर्वाह खर्चाचा अर्ज वेगळा आहे, त्याला बक्षीसपत्र लागत नाही. निपाणीच्या माणसानं चिकोडीच्या असिस्टंट कमिशनरांकडं, म्हणजे आपल्या प्रांतांकडं जायचं. आणि सीमाभागातल्यांनी हे तर ध्यानात ठेवाच: लेक कोल्हापूरला, पुण्याला असला तरी अर्ज तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालतो. मुलगा महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात, मग आमचं कोण ऐकणार, असं म्हणून गप्प बसलेली कितीतरी माणसं...

वेळ संपत आल्याची खूण होतेय. २०२५ च्या एप्रिलमध्ये जिनिव्हात मानवी हक्क परिषदेनं वृद्धांच्या हक्कांचा जागतिक करार लिहायला घेण्याचं ठरवलं, त्यावर चार वाक्यं बोलायची होती. करार होईल तेव्हा होईल, तुमचं बक्षीसपत्र कदाचित येत्या सोमवारी आहे! संध्या सुरक्षा या वृद्धांच्या सरकारी पेन्शनचं पासबुक नातवाच्या खिशात असतं, तेही राहिलंच. ज्येष्ठांचा मोफत फोन नंबर तेवढा लिहून घ्या: १४५६७. पुन्हा सांगतो, एक, चार, पाच, सहा, सात.