काडाची उशी



उशी म्हटली की झोप आठवते. आज आम्ही ज्या उशीविषयी बोलणार आहोत, तिच्यावर डोके टेकण्याची सोय नव्हती. इंग्लंडात बेडफर्ड, बकिंगहॅम व नॉर्थॅम्प्टन या परगण्यांतील बाया तिच्यावर हाताने लेस विणून पोट भरीत.

ती करण्याची रीत साधी, पण हात दुखवणारी. जाड कापडाची पिशवी शिवायची, काड बारीक कापून मूठमूठ आत टाकायचे आणि लाकडी मोगरीने ठोकायचे. पुन्हा मूठ, पुन्हा ठोकणे. दगडासारखी कठीण झाली की तोंड शिवून टाकायचे. एवढी कठीण का? नमुना टोचलेले कातडे उशीवर बसवून त्याच्या भोकाभोकांत टाचण्या रोवतात आणि कांड्यांवरचे सूत त्यांच्याभोवती गुंफीत जातात. उशी मऊ राहिली तर सुताच्या ताणाने टाचणी कलते व जाळी बिघडते. घट्ट ठोकलेले काड टाचणीला आत शिरू देते, पण मग हलू देत नाही.

उशी बाईची, कसबही बाईचे. मग दारिद्र्य तिच्याच वाट्याला का? बकिंगहॅम परगण्यातील ऑल्नी गावी राहणारा कवी विल्यम कूपर याने १७८० साली एका पत्रात लिहिले, की गावात लेस करणारे सुमारे १२०० जण असून शेकडो लोक उपासमारीच्या कड्यावर उभे आहेत. सूत देणारा आणि तयार लेस घेणारा व्यापारी बहुधा एकच असे. पुष्कळदा तो रोख पैशांऐवजी दुकानातला मालच हाती ठेवी. पाच-सहा वर्षांच्या पोरींनाही लेसशाळेत उशीपुढे बसवीत. पुढे १८०९ साली जॉन हीथकोटने जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. यंत्राच्या लेसपुढे हातलेसचा भाव हळूहळू ढासळला.

आम्ही विडीकामगारांत काम केले. एका बैठकीत एक बाई म्हणाली, "अण्णा, सूप माझं, कात्री माझी, घरही माझंच, मग मालक मी का नाही?" आम्ही म्हटले, "बाई, पान-तंबाखू कोणाची? आणि कोणती विडी खराब, हे ठरवतो कोण?" ती गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या चौघींना घेऊन आली. १९६६ साली विडीकामगारांचा कायदा झाला, त्यात घरी बसून वळणारीही कामगार ठरली. इंग्लंडात १९०९ साली किमान मजुरी ठरवणारी मंडळे निघाली. यंत्राच्या लेसवर घरी शेवटचा हात फिरवणाऱ्या बायांना त्यांत जागा मिळाली, उशीवर विणणारीला मिळाली नाही. ती आपल्या झोपडीत एकटी होती आणि व्यापारी तिला एकटीलाच गाठी.

मित्रहो, हातातले हत्यार आपले असले म्हणजे धंदा आपला होत नाही. सुटे काड फुंकरीने उडते. तेच एकत्र ठोकून भरले की टाचणी हलत नाही. ही गोष्ट त्या बायांच्या हातांना रोज कळत होती. संघटनेला मात्र ती त्यांच्या दारापर्यंत वेळेवर नेता आली नाही. आमच्याही पुष्कळ दारांपर्यंत अजून पोहोचायचे आहे.