हलके आमिष दूर कसे पडेल?

श्रोतेहो, उन्हाळ्यात वैनगंगेचे पाणी निवळते. माणसाची सावली पडली की मासे आत सरकतात. मग गळ टाकणारा पाण्यात शिरतो, आणि डोहाच्या कडेला पाय घसरून जीव धोक्यात येतो. हे टाळता येते.

गुरुजी, मुलांना एक खडा व तेवढाच कापसाचा बोळा सारख्या जोराने फेकायला सांगा. बोळा पुढ्यातच पडेल. हलक्या वस्तूचा वेग हवा लवकर खाऊन टाकते. हलक्या आमिषाचेही तेच; शिवाय त्याला मागचा दोरा ओढत न्यावा लागतो. म्हणून तंगूस बारीक घ्या. काठीचा शेंडा तेवढ्याशा वजनानेही वाकेल असा लवचिक हवा. तोच सरळ होताना आमिषाला वेग देतो. रीळ असेल तर दोरा जवळजवळ काठोकाठ भरा, म्हणजे कडेला कमी घासेल. वारा पाठीशी घ्या. तरीही पोचत नसेल, तर आमिषाच्या हातभर वर लाकडी तरंगा बांधा. वजन तरंग्याचे, आमिष हलकेच राहते.

गावतलाव मच्छीमार संस्थेकडे असेल तर आधी विचारा. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तिथे गळ टाकायचा नाही. आणि पाय नेहमी काठावरच ठेवा.